बाबा, बंड्याला हात घालून काढू नका

विश्रामबाग, सांगली

ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.

तुमचे जावई रविवारी साताऱ्याला येतायत, त्यांच्याबरोबर बंड्याचा, म्हणजे तुमच्या त्या तुरेवाल्या कॉकटील पोपटाचा, नवा पिंजरा पाठवतेय. हे पत्र मुद्दाम पिंजऱ्याच्या दारालाच चिकटवलंय, म्हणजे वाचल्याशिवाय दार उघडता येणार नाही. बाबा, फोनवर तुम्ही नुसतं "हो हो, कळलं" म्हणता आणि मनात असेल तेच करता. आई तर फोन थेट बंड्यापुढे धरते, मग निम्मं बोलणं त्याच्या शिट्ट्यांतच वाहून जातं.

आधी माळ्यावरच्या पिंजऱ्याचं. तुम्ही तो खाली काढून चिंचेनं घासून लख्ख केलाय असं आईकडून कळलं. आजोबांचा आहे, देखणा आहे, सगळं मान्य. पण त्यात बंड्याला ठेवायचं नाही. पोपटाच्या जातीला चोच म्हणजे तिसरा पाय. चढताना तो प्रत्येक गज चोचीत धरणार, आणि रिकामा वेळ मिळाला की कुरतडत बसणार. जुन्या पितळी पिंजऱ्याच्या सांध्यांना डाख दिलेला असतो, त्यात शिसं असतं. पितळेत जस्त असतं. या जिवाचं सगळं वजन ८० ते १०० ग्रॅम, त्यामुळे शिशाचा एवढासा कपचाही त्याच्या पोटात जाऊन विष होतो. शिवाय त्या पिंजऱ्याचे गज इतके लांब लांब आहेत की बंड्याचं डोकं आरपार जाईल आणि अडकेल. आणि तो गोल. गोल पिंजऱ्यात कोपरा नसतो, घाबरलेल्या पाखराला पाठ टेकायला जागा मिळत नाही. त्यात आईला मनीप्लांट लावू दे, सोप्यात झकास दिसेल.

त्या पिंजऱ्यातल्या राघूची आठवण तुम्हाला येत असणार, मलाही येते. पण हिरवा कंठवाला पोपट पाळायला आता बंदी आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आपल्याकडचे पोपट पकडणं, विकणं, घरात ठेवणं सगळाच गुन्हा आहे. पेठेत कुणीतरी तुम्हाला घाबरवलंय ना, की बंड्यालाही वनखात्याची माणसं घेऊन जातील? नाही नेणार. हा कॉकटील, मूळचा ऑस्ट्रेलियाचा, आणि तोही पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेल्यांच्या वंशातला. काही परदेशी पक्ष्यांची सरकारकडे नोंद करावी लागते, कॉकटीलची तीही लागत नाही. निर्धास्त राहा.

आता मुद्द्याचं. समोरच्या काकूंनी पुण्याला जाताना ज्या पिंजऱ्यासकट तो तुमच्याकडे दिला, तो पिंजरा त्याला लहानच आहे, त्याबद्दल माझं दुमत नाही. त्याला दोन्ही पंख पुरते पसरता येत नाहीत. कॉकटीलच्या लांबीत निम्मी शेपटीच असते, ती गजांना घासून झिजलीय, फोटोत दिसतं. म्हणजे पिंजरा बदलायचाच. पण आल्या दिवशी नाही. इथल्या दुकानदारानं मला सांगितलं, "टाका नव्यात, दोन दिवसांत रुळतो." मला ते पटत नाही. त्याच्या बाजूनं बघा ना. घर बदललं, माणसं बदलली, काकूंचा आवाज गेला, खिडकीतून दिसणारं झाडही गेलं. ओळखीचं म्हणून उरलंय काय, तर तो जुनाट पिंजरा. तोही आपण एका झटक्यात काढून घ्यायचा?

म्हणून नवा पिंजरा आणला की जुन्याच्या शेजारी, त्याच उंचीवर ठेवून द्या. नुसता. दार उघडं, आत पाण्याची वाटी, वर काही झाकायचं नाही. त्याला बघू दे. तो बघतोय कसा हे तुऱ्यावरून कळेल. तुरा ताठ उभा, अंग आक्रसून बारीक झालेलं आणि मान लांब, म्हणजे घाबरलाय. तुरा डोक्याला चपटा चिकटलेला आणि तोंडानं फुस्स फुस्स, म्हणजे चिडलाय, बोट जपा. तुरा निम्मा खाली कललेला, एक पाय पोटात घेतलेला, गालावरच्या नारिंगी टिकल्यांवर पिसं पुढे आलेली, म्हणजे स्वारी खुशीत आहे. नवा पिंजरा शेजारी असताना तो असा एका पायावर बसून डुलक्या काढायला लागला आणि तुमच्या देखत दाणे टिपायला लागला, की पुढचं पाऊल टाकायचं. त्याला चार दिवस लागोत की पंधरा. बाबा, इथे तुमची घाई नको.

मग एका सकाळी, चहा-नाश्ता उरकून, दोन्ही पिंजऱ्यांची दारं समोरासमोर आणायची आणि सुतळीनं बांधायची, मधे फट राहता कामा नये. जुन्यातल्या वाट्या आणि त्याची लाडकी घंटा नव्यात, जिथे होत्या साधारण तिथेच लावा. राळ्याचं एक कणीस पिशवीत ठेवलंय, ते नव्या पिंजऱ्यात दारापासून वीतभर आत टांगा. आणि मग पेपर वाचत बसा. खरंच बसा. तो दारापर्यंत येईल, मान आत घालेल, मागे पळेल, परत येईल. उंबऱ्यावर अडून बसला तर बसू दे. संध्याकाळपर्यंत नाहीच गेला तर सुतळी सोडा, वाट्या परत जुन्यात, दुसऱ्या दिवशी पुन्हा. टॉवेलात गुंडाळून किंवा मुठीत धरून त्याला ढकलायचं नाही. तसं केलं की पिंजरा बदलतो दोन मिनिटांत, पण तुमच्या हाताची भीती त्याच्या मनातून पुढे महिनोन्‌महिने जात नाही. काकूंनी त्याला कधी बाहेर काढलंच नव्हतं, हात म्हणजे काय हे त्याला अजून शिकायचंय. पहिला धडा वाईट नको.

चुकून बाहेर निसटलाच, तर आरडाओरडा नको. पंखा बंद, खिडक्या बंद, आरशावर कापड. तो थकून कुठेतरी बसेल, मग एक काठी पोटाला लागेल अशी पुढे धरा, चढेल. खरं तर दारं बांधायच्या आधीच पंखा आणि खिडक्या बंद करून ठेवा, आणि मागच्या दारानं येणाऱ्या त्या बोक्याचाही बंदोबस्त करा.

नव्या पिंजऱ्याच्या गजांत जेमतेम अर्ध्या इंचाचं अंतर आहे आणि दोन बाजूंचे गज आडवे आहेत, त्याला चढायला बरे. सोबत आलेल्या प्लॅस्टिकच्या दांड्या मात्र मी काढून टाकल्यात. सगळ्या एकाच जाडीच्या, गुळगुळीत. त्यावर रात्रंदिवस बसून तळव्याला एकाच जागी घट्टे पडतात, पुढे फोड येतात. परसातल्या पेरूच्या दोन-तीन फांद्या कापा, एक अंगठ्याएवढी जाड, एक बोटाएवढी, वाकडीतिकडी असली तर उत्तमच. औषध मारलेली नको. उकळतं पाणी ओतून, घासून, कडक उन्हात वाळवा. साल राहू दे, सोलायला त्याला काम मिळतं. फांदी वाटीच्या बरोबर वर बांधू नका, नाहीतर पाण्यात शिट पडते. तळाला कालचा 'ऐक्य' पेपर अंथरा, तुमचा वाचून झाल्यावर.

जागा सोप्यातली, भिंतीला एक बाजू टेकेल अशी, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. थेट ऊन आणि पावसाळी वारा नको. झोपायच्या खोलीत अजिबात नको, बाबांच्या दम्यासाठी. कॉकटीलच्या पिसांतून पांढरी भुकटी सारखी झडते, काळ्या टीव्हीवर बोट फिरवलंत की दिसेल.

आणि स्वयंपाकघर तर नकोच. आई, तो नॉनस्टिक तवा रिकामा गॅसवर राहून तापला की त्याच्या टेफ्लॉनमधून जो वायू निघतो, त्यानं आपल्याला फारसं काही होत नाही, पण पाखरू मिनिटांत मरतं. बिडाचा तवा काढ परत, घावनही त्यावरच चांगलं होतं. संध्याकाळचा धूप देवघरात दार लोटून कर, आणि डासांची अगरबत्ती बंद.

रात्री अंधारात कॉकटील एकदम दचकून फडफडतात, ही त्या जातीचीच खोड. नव्या पिंजऱ्यात फांद्या कुठे आहेत हे अंगवळणी पडलेलं नसतं, म्हणून पहिले काही दिवस झिरोचा बल्ब चालू ठेवा आणि पिंजऱ्यावर अर्धंच कापड टाका. झोपण्याआधी चोच करकर घासल्याचा आवाज आला तर घाबरू नका, ते समाधानाचं लक्षण.

खाण्याचं थोडक्यात. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर ठेवू नका, तो मागेल तरी. राळे, बाजरी, शिजवलेली डाळ, मेथी, किसलेलं गाजर. हिरवी मिरची द्या हवी तर, पाखरांना तिखट लागतच नाही. चॉकलेट आणि अवोकाडो विषारी. अवोकाडो तुमच्याकडे कशाला येतोय म्हणा, पण तुमच्या नातीचा भरवसा नाही.

पिंजरा बदलल्यावर त्यानं अख्खा दिवस काहीच खाल्लं नाही, किंवा पिसं फुगवून तळाशी बसून राहिला, तर वाट बघू नका. पाखरं आजार लपवतात, दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. साताऱ्यात पक्ष्यांची सवय असलेला डॉक्टर कोण, हे बाबा आजच चौकशी करून ठेवा. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयातही फोन करून विचारा. नंबर मी कॅलेंडरमागे लिहायला सांगितलाय.

काकूंचा काल फोन होता. त्यांना विचारलं, तो कुकरच्या शिट्टीची नक्कल त्यांच्याकडेच शिकला म्हणे. तेव्हा आई, गॅस बंद करायला उठायच्या आधी एकदा बंड्याकडे बघत जा. आणि कॉकटील पंधरा-वीस वर्षं जगतात, हा आत्ता सातचा आहे. पुढचं काय, असं बाबा मागे पुटपुटले ते मी ऐकलं होतं. तो सांगलीला येईल, हेच पिंजरा घेताना आमच्या घरात ठरलंय. त्यावर आता बोलायचं नाही.

पिंजऱ्याचे पैसे देऊ नका, जावई घेणार नाहीत. सोबत दोन किलो हळद आहे, नव्या हंगामाची. एक किलो मावशीला. आई, मागच्या वेळचे चटणीचे दोन डबे त्यांच्याबरोबर परत पाठव, आणि रिकामे नको.

तुमची,
लेक