जनरेटर बंद करून झोप

फलटण,
मंगळवार, रात्री

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन तू ठेवलास, पण ठेवण्यासारखं बोललो मीच. ‘पीएचडीला पाठवलं की धिंगाण्याला’ असं म्हणायला नको होतं. आई तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. मला मॅचबद्दल काहीच म्हणायचं नव्हतं. मॅचसाठी तुम्ही सहा जण भाड्यानं घेणार आणि रात्री जिच्यात झोपणार, त्या गाडीबद्दल बोलायचं होतं, आणि फोनवर मी लगेच चढतो. कागदावर जरा दमानं येतं, म्हणून लिहायला बसलो.

तू पाठवलेली गाडीची पुस्तिका दोनदा वाचली. गाडी २८ फुटांची, उंची साडेअकरा. चालकाचं वय २५ च्या वर हवं, म्हणून कागद तुझ्या आणि केविनच्या नावावर. फोनवर हे ऐकताना मी चिडलो खरा, पण दुसऱ्याच दिवशी टपरीवर मोहितेंना सांगत होतो की आमची मुक्ता तिकडे बसएवढी गाडी चालवणार. गिरवीच्या रस्त्यावर जीप शिकवताना क्लचवरून तुझा पाय थरथरायचा, आणि तरी तू उतरायला तयार नसायचीस. गाडी तू नीट नेशील, त्याची काळजी नाही. फक्त उंचीचा आकडा मोठ्या अक्षरात लिहून समोरच्या काचेखाली चिकटव. पेट्रोल पंपाचं छत, झाडाची फांदी, पूल, ऐनवेळी आठवत नाही माणसाला. आणि वळताना मागचं बूड उलट्या बाजूला झुकतं. विजूच्या लग्नात नानांनी छोटा हत्ती मागे घेताना मांडवाचा खांब पाडला होता, ते आठव.

काळजी रात्रीची आहे.

आम्ही त्या सप्टेंबरात अमेरिकेला आलो होतो तेव्हा बीव्हर स्टेडियमच्या, म्हणजे पेन स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉलच्या स्टेडियमच्या, बाहेरची ती मैदानं पाहिलीच होती. आत एक लाख सहा हजार माणूस बसतो म्हणालीस, तेव्हा आई म्हणाली, मग बाहेर किती? गवतावर गाड्यांच्या रांगा, प्रत्येक गाडीला छत्री, शेगडी, झेंडा. टेलगेट म्हणजे आपल्या ट्रकचा फाळका, हे तू सांगितलंस आणि मला एकदम ते सगळं ओळखीचं झालं. फाळका पाडायचा, त्यावर स्टोव्ह मांडायचा, येईल त्याला वाढायचं. दिंडीच्या ट्रकचं दुसरं काय असतं? त्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी आईच्या हातात भाजलेलं कणीस दिलं, नाव ना गाव. आई अजून सांगते. त्या माणसांबद्दल माझ्या मनात वाईट काही नाही, हे तू समजून घे.

पण मी तिथे एक आवाज ऐकत होतो, तुमच्या कुणाच्या लक्षात नसेल आला. जनरेटरांचा. एक नाही, शेकडो. तेहेतीस वर्षं वीज बोर्डात काढली, त्यामुळे कान तिकडेच जातो.

तू म्हणालीस की तुमच्या जागेला हुकअप नाही, ना वीज ना पाणी, नुसती गवतावरची आखलेली जागा. मग माझं ऐक. शुक्रवारी मैदानात जाण्याआधी, गुरुवारची रात्र वाटेतल्या एखाद्या कॅम्पग्राउंडवर काढा, जिथे जागेवर जोडणी मिळते. थोडे पैसे जातील, जाऊ देत. तिथे गाडीच्या बॅटऱ्या पूर्ण भरून घ्या, गोड्या पाण्याची टाकी भरा, आणि सकाळी निघताना घाण पाण्याच्या दोन्ही टाक्या रिकाम्या करा. आधी संडासाची, मग मोरीची, म्हणजे मोरीच्या पाण्यानं पाइप धुतला जातो. ४० गॅलनची टाकी म्हणजे दीडशे लिटर. सहा जणांना दोन दिवस पुरवायचं, तेव्हा अंघोळीला पाणी नाही असंच धरून चला. आणि नोव्हेंबरात तिकडे पाणी गोठतं, गाडीतल्या पाइपांत पाणी भरायची परवानगी आहे का ते भाड्यानं देणाऱ्याला आधी विचार.

कॅम्पग्राउंडवरचा विजेचा खांब बघशील तर दोन तऱ्हेची सॉकेटं असतील. तीन पिनांचं ३० अँपिअरचं, चार पिनांचं ५० चं. तुमची गाडी ३० ची आहे, पुस्तिकेत पान ११. आपल्याकडे २३० व्होल्ट, तिकडे १२०. तीस गुणिले एकशेवीस, ३६०० वॅट, एवढीच तुमची मिळकत. ५० वाल्याकडे मात्र १२० च्या दोन लाइन येतात, म्हणून त्याला १२,००० मिळतात, त्याचं बघून तुम्ही लोड टाकू नका. दीड हजार वॅटचा हीटर साडेबारा अँपिअर खातो, मायक्रोवेव्ह तेवढाच, केस वाळवायचं यंत्र तेवढंच. तिन्ही एकदम लावलीत की ब्रेकर पडणार. पडला तर लगेच वर करू नका, आधी लोड काढा. प्लग घालताना आणि काढताना खांबावरचा ब्रेकर बंद हवा. बारीक एक्स्टेंशन वायरवर ही गाडी चालवायची नाही, वायर हाताला गरम लागली म्हणजे ती तुम्हाला सांगते आहे.

बघ, लागलो शिकवायला. माती तपासायला यंत्रं चालवणाऱ्या पोरीला मी पिना मोजून दाखवतो आहे. राग मानू नकोस. हे सगळं मला येतं म्हणून लिहितो, आणि जे लिहायचंय त्याच्याकडे यायला हात धजत नाही.

जनरेटर. तुमच्या गाडीत बसवलेलाच आहे. गाडीच्याच टाकीतून पेट्रोल घेतो आणि पाव टाकी उरली की आपोआप बंद पडतो, घरी परतायला उरावं म्हणून. तेव्हा टाकी भरून आत जा. त्याचा धूर डाव्या अंगाला, आणि तुमचं दार, बाहेर ओढायचं छत, खुर्च्या सगळं उजव्या अंगाला. बरं वाटलं वाचून. मग मी रांगेचं चित्र काढलं. सगळ्या गाड्या एकाच दिशेला तोंड करून उभ्या केल्या, तर तुमच्या उजवीकडच्या गाडीची डावी बाजू तुमच्या दाराकडे येते. म्हणजे तिचा जनरेटर तुमच्या जेवणाच्या टेबलावर धूर सोडणार, आणि तुमचा डावीकडच्यांवर. दोन्हींकडे पोहोचल्या पोहोचल्या जा, हात मिळव आणि बोल. माणसं चांगली आहेत, कणीस देणारी आहेत, ऐकतील. रात्री किती वाजता बंद करायचा ते ठरवून घ्या. कुणाचा सुटा जनरेटर असेल तर तिथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाचं सांगणं आहे की तो घरापासून निदान २० फूट लांब हवा. गाडी घराहून लहान आणि जास्त बंद, तेव्हा त्याहून लांब असला तर बरं.

आणि तुमचा स्वतःचा झोपताना बंद. थंडी असली तरी. गाडी गरम ठेवणारी आतली भट्टी सिलिंडरच्या गॅसवर चालते, तिचा धूर बाहेर जातो, तिच्या पंख्याला बॅटरी पुरते. म्हणून तर बॅटऱ्या भरून घ्या म्हणालो. ओट्यावरची गॅसची शेगडी उबेसाठी पेटवायची नाही, थालीपीठ लावाल तेव्हा छताची झडप आणि एक खिडकी उघडी हवी. बाहेरची कोळशाची शेगडी विझल्यासारखी वाटली तरी आत आणायची नाही, गाडीखाली सारायची नाही. या सगळ्यांच्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. सिलिंडरचा गॅस जड असतो, जमिनीशी साचतो, वास मारतो, माणूस जागा होतो. कार्बन मोनॉक्साइड मात्र हवेत सगळीकडे मिसळतो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरून बसतो. डोकं दुखतं, मळमळतं, सर्दीतापासारखं वाटतं, आणि मग झोप येते.

नातेपुत्याला पालखीच्या तळावर माझी ड्यूटी असायची, तुला आठवत असेल, तुला एकदा घेऊनही गेलो होतो. तात्पुरती कनेक्शनं द्यायची, रात्रभर जागायचं. एका वर्षी पाऊस लागला. एका दिंडीनं आपला जनरेटर भिजू नये म्हणून राहुटीच्या ताडपत्रीखाली ओढून घेतला. आत पंचवीसतीस बायका झोपलेल्या. मी रात्री एक वाजता भांडलो त्यांच्याशी. भिजू दे यंत्र, उद्या दुसरं आणू, म्हटलं. दिंडीचे म्हातारे प्रमुख मला म्हणाले, साहेब, माउलींच्या वाटेवर एवढा राग करू नये. मी स्वतः तो जनरेटर चिखलातून ओढत बाहेर नेला. सकाळी त्याच म्हाताऱ्यांनी पाया पडून चहा दिला. मी ती गोष्ट किती जणांना सांगितली असेल.

त्याच वर्षी मार्गशीर्षात तू न्हाणीघरात पडलीस.

अकरावीत होतीस. गुरुवार होता, उपवास होता, चक्कर आली, असं आपण सगळ्यांना सांगितलं. तूही तसंच धरून चाललीस. मुक्ता, ती उपवासाची चक्कर नव्हती. त्याच्या आदल्या रविवारी तू म्हणालीस, अण्णा, झरोक्यातून गार वारं येतं. मी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापला आणि झरोक्यात घट्ट बसवला. आत गॅसचा गिझर. मला माहीत नव्हतं असं नाही. मला सगळं माहीत होतं, सहा महिन्यांपूर्वी परक्या माणसांना मध्यरात्री ओरडून सांगितलं होतं. पण घरात, माझ्या हातांनी, मुलीला गार लागू नये म्हणून मी तो लावला आणि विसरलो.

बादली पडल्याचा आवाज आला. हाक मारली, ओ नाही. दोन धडकांत कडी निघाली. तुझे ओठ कसे होते ते मी लिहीत नाही. ओसरीवर आणून वाऱ्यात ठेवलं, मग दवाखाना, ऑक्सिजन. डॉक्टर म्हणाले, अजून पाच मिनिटं. पुढचं बोलले नाहीत. तुला दवाखान्यात ठेवून मी कपडे आणायला घरी आलो तेव्हा आधी तो पुठ्ठा काढला आणि बंबात जाळला. आई माहेरी होती, ती दुसऱ्या दिवशी आली. गिझर मी त्याच आठवड्यात काढून टाकला, आणि तू वर्षभर कुरकुरलीस की बंबाच्या पाण्याला धुराचा वास येतो.

म्हणून रविवारी मी ओरडलो. कुणी मला म्हणालं असतं की तुमची मुलगी एवढी मोठी गाडी चालवेल, सहा जणांची व्यवस्था बघेल, परक्या देशात शेजाऱ्यांना जनरेटर हलवायला सांगेल, तर मी मान ताठ करून ऐकलं असतं. मी नुसतं ‘गाडीत झोपणार’ एवढंच ऐकलं.

आता काम सांगतो. गाडी ताब्यात घेताना कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कुठे आहे ते विचार. मागे तारीख छापलेली असते, त्याची मुदत संपते, किती वर्षांची ते त्यावरच लिहिलेलं असतं. मुदत संपलेली असेल तर तिथेच बदलून माग, लाजू नकोस, पैसे तू दिलेत. बटण दाबून आवाज ऐक. चार टिटकाऱ्या (बीप), मग थोडं थांबून पुन्हा चार, हा धोक्याचा. मिनिटाला एक बारीकशी, ती बॅटरी संपल्याची. हा फरक सहाही जणांना ठाऊक हवा, सईला आणि त्या उशिरा येणाऱ्या मुलालासुद्धा. चार टिटकाऱ्या वाजल्या तर खिडक्या उघडत बसू नका, सगळे आधी बाहेर, डोकी मोजा, मग ९११ ला फोन. चप्पल राहिली तर राहू दे. एक सुटा अलार्मही विकत घे, बॅटरीवरचा, आणि झोपायच्या जागेजवळ ठेव. पैसे मी पाठवतो. नको म्हणू नकोस.

बर्फ पडलं तर धूर बाहेर पडायचं तोंड मोकळं आहे ना ते बघ. हेही मी फोनवर सांगणार होतो.

आईनं भाजणी आणि मेतकूट वेगळं बांधून ठेवलंय, पाटलांचा मुलगा निघेल तेव्हा देऊ. मॅचच्या आधी काही पोहोचणार नाही. आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यावर गेलं. पांढरे कपडे घालायची ती मॅच हीच की दुसरी, ते कळव, आईला टीव्हीवर तुला शोधायचंय.

शुक्रवारी आणि शनिवारी झोपण्याआधी एक शब्द टाक, ‘बंद केला’ एवढाच. तुमचे रात्रीचे ११ म्हणजे आमचे सकाळचे साडेनऊ, मी फोनजवळच असेन.

तुझा,
अण्णा

ता. क. पुठ्ठ्याचं आईला ठाऊक नाही. तू फोनवर काढू नकोस. शुक्रवारच्या आत मी तिला सांगतो.