मेकअपचं कौतुक पुरे, आवाजावर पण लिहा की

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत दिलीप प्रभावळकरांवर पानभर लेख आला. त्यांचा 'दशावतार' सिनेमा आल्यापासून सगळेच लिहून राहिले, तुम्हीही लिहिलं, चांगलं केलं, फोटो तर एक नंबर होते. पण लेख वाचून संपला आणि मनात आलं, हा माणूस काय मेकअपच्या खुर्चीत बसून मोठा झाला का भो? विग, दाढी, चष्मा, लुगडं, कुठल्या रोलला किती तास मेकअप, सगळं आलं. टीव्हीवरच्या कामाला मोजून दोन ओळी आणि आवाजाबद्दल एक अक्षर नाही. म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर कापा, पण मधला भाग कापू नका.

मी अमळनेरला बरीच वर्षं केबलचा धंदा केला. आता सेटटॉप बॉक्स आणि मोबाईलने धंदा बसला, पोरगा वायफायचे कनेक्शन बघतो, मी घरी पेपर वाचतो. माझ्यासारख्या माणसाने टीव्ही बघितला कमी आणि ऐकला जास्त, हे लोकांना पटत नाही पण खरंय. आमची कंट्रोल रूम म्हणजे एका दुकानावरची पत्र्याची खोली, रॅकवर एकावर एक मॉड्युलेटर, खाली रिसीव्हर, आणि चेक करायला एकच छोटा टीव्ही, तोही असा कोपऱ्यात की मान वाकडी केल्याशिवाय दिसायचा नाही. हातात वायर, तोंडात कनेक्टर, मग काय करणार, चॅनेल लावायचं आणि आवाज नीट येतोय ना एवढंच बघायचं. रात्रीच्या सिरीयली सगळ्या एकाच सुरात बोलायच्या, सासू कोण सून कोण काही कळायचं नाही, वरून धडामधुडुम म्युझिक. अल्फा मराठीवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' लागलं की मात्र वर न बघता कळायचं, हे आबा बोलले, हा शेखर, ही श्यामल, हा शिऱ्या, ही शलाका.

नव्या पोरांसाठी सांगतो. अल्फा मराठी म्हणजे आताचं झी मराठी, ते 1999 ला सुरू झालं, आणि टिपरे आलं 2001 मध्ये. दिग्दर्शन केदार शिंदेचं. आणि मूळ लिखाण खुद्द प्रभावळकरांचंच, 'अनुदिनी' नावाने 'लोकसत्ता'त सदर यायचं, घरातल्या प्रत्येकाची डायरी, त्यावरून मालिका झाली. म्हणजे ज्याने त्या पाचही जणांची बोली आधी कागदावर वेगवेगळी लिहिली तोच पुढे त्यातला आजोबा, म्हणजे आबा झाला. तुमच्या लेखात हे एका कंसात होतं, माझ्या मते लेखाची सुरुवात इथून पाहिजे होती.

आता आबांचा आवाज आठवून बघा. आपल्याकडे म्हातारा करायचा म्हटलं की नट लगेच आवाज थरथरवतो, मधे मधे खोकतो, शब्द ओढतो, गॅदरिंगमधल्या पोरापासून मोठ्या नटापर्यंत सगळ्यांचं तेच. प्रभावळकर तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते आणि त्यांनी आबांना थरथर दिलीच नाही. आबांचा आवाज म्हातारा नव्हता, फक्त निवांत होता, कुठे जायची घाई नसलेल्या माणसाचा, आणि खोडी काढायची असली की तो आणखी साधा व्हायचा. तिथेच हसू यायचं. बाकीची मंडळी पण तोलाची होती, राजन भिसे, शुभांगी गोखले, विकास कदम, रेश्मा नाईक, कोणी कोणाच्या बोलण्यावर चढायचं नाही. तेव्हा आमच्याकडे लोडशेडिंग किती होतं ते तुम्हाला माहितीच आहे, पैलाड भागातली लाईट आली पण बाजारपेठेतला सिग्नल वाढवणारा अँप्लिफायर बंद, असं रोजचंच, आणि मग फोन सुरू, "भो, आबा दिखत नही, देख ना जरा!" सिरीयलचं नाव कोणी घ्यायचं नाही, आबा म्हणायचे, जसं काही ते शेजारच्या वाड्यात राहतात.

त्यांचं त्याआधीचं टीव्हीवरचं मोठं काम म्हणजे 'चिमणराव', मुंबई दूरदर्शनवर, सत्तरच्या दशकात. खरं सांगायचं तर आमच्या भागात तेव्हा टीव्हीच नव्हता, आकाशवाणी हेच आमचं सगळं, त्यामुळे खान्देशने चिमणराव आधी मुंबईच्या पाहुण्यांकडून ऐकला आणि नंतर कधीतरी पाहिला. चिं. वि. जोशींचा हा भित्रा, बोलता बोलता अडखळणारा, पण स्वतःला शहाणा समजणारा कारकून, आणि शेजारी बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ, त्यांचा आवाज भरभक्कम. त्या जोडीतली गंमत निम्मी तरी दोन आवाजांतल्या फरकाचीच आहे, एक दबकत बोलतो आणि दुसरा सोटा आपटल्यासारखा. बाळ कर्वे 2025 च्या ऑगस्टमध्ये गेले. त्यांच्यावर किती पेपरांनी पानभर लिहिलं ते तुम्हीच बघा.

रंगभूमीवर मी जास्त बोलणार नाही, ती आमच्या वाट्याला कमीच आली. पण रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'त चेटकीण प्रभावळकरांनीच केली होती, आणि 'हसवा फसवी'त एकाच प्रयोगात सहा माणसं, ती पण स्वतःच लिहिलेली. लोक म्हणतात सहा वेश. अहो, वेश बदलायला विंगेत माणसं असतात, आवाज बदलायला कोण असतं? तो जिन्यावरून उतरता उतरता आपला आपणच बदलावा लागतो, आणि मागच्या रांगेत बसलेल्याला तर तेवढाच पोचतो. आमच्याकडे वहीगायन या लोककलेच्या, तमाशाच्या कलाकाराला हे शिकवावं लागत नाही, माईक नसताना रात्रभर शेवटच्या माणसापर्यंत पोचायचंय हे त्याला ठाऊक असतं.

आता तात्या विंचू. हा भाग कृपा करून छापा.

'झपाटलेला' 1993 चा, महेश कोठारेंचा. त्यातला बाहुला केला आणि नाचवला रामदास पाध्येंनी, अर्धवटराव या बोलक्या बाहुल्याचं घराणं त्यांचं, वडिलांपासूनचं. आणि आवाज प्रभावळकरांचा. लोकांना एवढंच माहितीय. पण जरा विचार करा, सिनेमात आधी हाडामासाचा गुंड तात्या विंचू येतो, तोही प्रभावळकरच, आणि मग तो मरता मरता बाहुल्यात शिरतो. म्हणजे आवाजाला दोन कामं एकदम करायची होती. एक तर बाहुल्यातून बोलणारा तोच माणूस आहे हे पोरासोरांना पण कळलं पाहिजे, आणि दुसरं म्हणजे तो आता हातभर लाकडात अडकलाय, त्याचा जीव घुसमटतोय, चिडचिड होतेय, हे पण आलं पाहिजे. बाहुल्याला गाल नाहीत, कपाळाला आठी पडत नाही, जबडा वरखाली आणि डोळे इकडेतिकडे, बस. राग, कपट, भीती, मधेच येणारा विनोद, हे सगळं घशातून काढायचं. घोगरा आवाज काढणं सोपं आहे हो, गल्लीतलं कोणतंही पोरगं काढतं, पण त्या घोगरेपणात माणूस ठेवणं अवघड.

याचा पुरावा माझ्याकडे आहे. तेव्हा गावोगावचे केबलवाले स्वतःचं एक व्हिडिओ चॅनेल चालवायचे, कायद्याचं विचारू नका, सगळेच चालवायचे, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांची फर्माईश ठरलेली, तात्या विंचू लावा. आमची सीडी वापरून वापरून इतकी घासली होती की एकदा ऐन मोक्याला चित्र फाटलं, सगळे चौकोन चौकोन झाले, बाहुल्याचा एक डोळा तेवढा अडकून राहिला पण आवाज चालू. मी म्हटलं आता फोनचा भडीमार होणार, उठलो, दुसरी सीडी शोधायला लागलो. एकाचाही फोन नाही. नंतर खाली उतरलो तर दुकानातल्या टीव्हीसमोर पोरं एकमेकाला चिकटून बसलेली आणि सगळे कान देऊन ऐकताहेत, चित्र गेलंय याची तक्रारच नाही. मेकअप तिथे कुठे होता सांगा.

'लगे रहो मुन्नाभाई'चं पण तेच. 2006 चा सिनेमा, तुम्ही लिहिलं की हुबेहूब गांधीजी दिसले. दिसले, मान्य. पण गांधीजींचा खरा आवाज रेकॉर्डवर आहे, लोकांनी ऐकलेला आहे, त्याची नुसती नक्कल केली असती तर थिएटरमध्ये हशा झाला असता. त्यांनी नक्कल केली नाही, हळू बोलले, समोरच्याला पुरेल एवढंच, आणि संजय दत्तसारख्या आडदांड माणसासमोर तो हळू आवाज जड पडला. एक दुरुस्ती पण करा, राष्ट्रीय पुरस्कार तुम्ही फक्त या सिनेमाच्या नावावर टाकलाय, तो 'लगे रहो' आणि गजेंद्र अहिरेंचा 'शेवरी' या दोन्ही कामांचा मिळून होता. हिंदीचं नाव राहिलं आणि मराठीचं गळालं, आणि ते पण मराठी पेपरात!

आणि 'चौकट राजा'तला नंदू? त्याच्याबद्दल लिहायला बसलो तर दुसरं पत्र होईल.

आता माझं मुख्य म्हणणं. प्रभावळकरांचं नाव तरी लोकांना माहितीय, ते पडद्यावर दिसतात. जे फक्त ऐकू येतात त्यांचं काय? आमच्याकडे खेड्यापाड्यात पोरं दिवसभर जे बघतात त्यातलं अर्धंअधिक डब केलेलं असतं. 'निंजा हातोडी' हिंदीत बोलते ती आपली मेघना एरंडे, मराठी पोरगी, मराठी मालिकांत पण काम केलेली, पण आमच्या नातवंडांना हातोडी माहिती, मेघना माहिती नाही. 'बाहुबली' हिंदीत ज्याच्या तोंडून बोलतो तो शरद केळकर, ग्वाल्हेरचा मराठी माणूस, आधी टीव्हीवर घासलेला, लहानपणी तो बोलताना अडखळायचा हे त्यानेच जाहीर सांगितलंय. अडखळणाऱ्या पोराच्या आवाजावर पुढे अख्ख्या हिंदी मुलखाने शिट्ट्या मारल्या, यापेक्षा मोठी बातमी काय पाहिजे तुम्हाला? 'पुष्पा'चा हिंदी आवाज श्रेयस तळपदे. त्याच्याही आधी, रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'जंगल बुक' लागायचं तेव्हा शेरखान बोलायचा तो नाना पाटेकर, आणि रस्ते ओस पडायचे. मोठं नाव असलं की तुम्ही छापता, नाना छापता, तळपदे छापता. बाकी जे रोज स्टुडिओत उभं राहून दुसऱ्याच्या ओठांच्या हालचालीत आपली वाक्यं बसवतात, कुठे शब्द लांबवून तर कुठे गिळून, त्यांची नावं ना सिनेमाच्या जाहिरातीत, ना तुमच्या परीक्षणात. चॅनेलवाले तर शेवटची नावं सुरू झाली की पडदा आकसून अर्ध्यात जाहिरात घुसवतात, हे मी कंट्रोल रूममध्ये बसून रोज बघत आलोय. वाचायची म्हटली तरी कोणाला वाचता येणार?

मी हे उगाच नाही म्हणत. आमच्या गल्लीत एक पोऱ्या आहे, कॉलेजला जातो, सिनेमाच्या सीनवर अहिराणीत डबिंग करून मोबाईलवर टाकतो, तुम्ही पण पाहिलं असेल असलं काहीतरी, आमच्याकडे फार चालतं. एकटाच चार आवाज काढतो, सासरा, जावई, म्हैस विकणारा आणि म्हातारी. रेकॉर्डिंग कसं करतो माहितीय? मे महिन्यात, पंखा बंद करून, कारण पंख्याचा आवाज येतो, आणि डोक्यावरून गोधडी घेऊन, कारण खोलीत आवाज घुमतो. बाहेर निघतो तेव्हा घामाने निथळत असतो. त्याची आई म्हणते हा येडा झाला. त्याला मी विचारलं, तुला यात कोणासारखं व्हायचंय? तर त्याला एक नाव सांगता येईना. हिरोंची दहा सांगितली असती. तात्या विंचूचा आवाज तो छान काढतो, पण तो कोणाचा आवाज हे त्याला माझ्याकडून कळलं.

म्हणून दोन मागण्या. एक, डब केलेल्या सिनेमाचं परीक्षण छापाल तेव्हा कलाकारांच्या यादीत आवाज कोणाचा ते पण टाका, एक ओळ जास्त जाईल, जाऊ द्या. दुसरी, प्रभावळकर ऐंशी ओलांडून गेलेत आणि अजून काम करून राहिले, त्यांच्याकडे एखादा वार्ताहर पाठवा आणि त्यांना फक्त आवाजाबद्दल विचारा. चेटकिणीचा कुठून काढला, तात्याचं रेकॉर्डिंग करताना पाध्ये बाहुल्याचा जबडा हलवायचे तो आधी की आवाज आधी, आबांची थरथर काढून टाकायची हे कोणी ठरवलं. मेकअपचं बिलकूल विचारू नका.

नाव छापलं नाही तरी चालेल, गावाचं छापा.

आपला जुना वाचक,
एक माजी केबलवाला, अमळनेर, जि. जळगाव

ता. क. 'शेवरी'ची दुरुस्ती आतल्या पानावर बारीक अक्षरात टाकू नका, पुरवणीतच टाका, चूक पुरवणीत होती.