पेट्रेस्कूची आठवण हवी

रोमानियाचा फुटबॉल म्हटला की आपल्याकडे लेख त्यांचा नामवंत खेळाडू गेओर्गे हाजी याच्यापाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. डॅन पेट्रेस्कूचं नाव क्वचितच निघतं. हा खरं तर उजव्या बगलेचा बचावपटू. पण १९९८च्या विश्वचषकात तुलूझला शेवटच्या मिनिटांत पुढे घुसला, चेल्सी या इंग्लिश क्लबातलाच सहकारी, इंग्लंडचा बचावपटू ग्रॅम ल सोला अंगावर घेऊन इंग्लंडचा गोलरक्षक सीमनच्या पायांमधून चेंडू आत सारला. इंग्लंड १-२ असं हरलं. क्लबात रोज ज्याच्याबरोबर सराव, त्यालाच असं गंडवायचं!

मला मात्र त्याची प्रशिक्षक म्हणून केलेली कामगिरी मोठी वाटते. उर्झिचेनी हे बुखारेस्टजवळचं लहानसं गाव. तिथल्या उनिरिया संघाला त्याने २००९मध्ये थेट रोमानियाचं विजेतेपद मिळवून दिलं. मग चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत याच संघाने ग्लासगोत जाऊन तिथल्या रेंजर्स क्लबला ४-१ असं धुतलं. नावाजलेला एकही खेळाडू नाही, सगळी मदार शिस्तीवर आणि धावण्यावर. त्याच वर्षाअखेर पेट्रेस्कू रशियात क्रास्नोदारच्या कुबान संघाकडे गेला आणि २०११मध्ये उनिरिया क्लबच बंद पडला. पैसा आटला की असंच होतं, त्याचं खापर प्रशिक्षकावर फोडता येणार नाही. पुढे सीएफआर क्लुज या रोमानियातल्याच क्लबलाही त्याने २०१८ आणि २०२२मध्ये विजेता केलं.

क्रीडा पानावर गोल करणाऱ्यांचे फोटो रोजच असतात. एखादा रकाना अशा बचावपटूंनाही द्यावा, ही विनंती.

– एक वाचक, कोल्हापूर