माझ्या पायावरून माझा विश्वास मोजू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांच्या ऐक्यासाठीच्या प्रार्थना सप्ताहानिमित्त (१८ ते २५ जानेवारी) आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. लिहिणाऱ्याची कळकळ खरी आहे. पण ख्रिस्तावर पूर्ण विश्वास ठेवणाऱ्याच्या जीवनात काहीच मोडकं उरत नाही, अशा अर्थाच्या वाक्यापाशी मी अडखळले. (माझ्या बाबतीत हे शब्दशः घेतलंत तरी चालेल.)

लहानपणी पोलिओ झाल्यापासून माझ्या उजव्या पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराची धातूची चौकट, आहे. गुडघ्याजवळचा चामडी पट्टा चालताना कुरकुरतो, आणि सगळे डोळे मिटून प्रार्थनेत असले की तो जरा जास्तच ऐकू येतो. तरुणपणी एका आरोग्यसभेत, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या सभेत, पाहुण्या प्रचारकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, "ऊठ आणि चाल" म्हणाले आणि दंडाला धरून ओढलं. मी उठले, कारण कॅलिपर लावून मला उठता येतंच. चार पावलं चालले, ती नेहमीसारखीच लंगडत. त्यांनी माइकवरून सांगितलं, "बहिणीचा विश्वास अजून वाढायचा आहे." शेजारी आई उभी होती. तिने त्या सभेसाठी उपास केला होता. माझ्यापेक्षा ते वाक्य तिलाच जास्त लागलं.

आता शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधली येशूची चरित्रं, काय सांगतात ते पाहू. "तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे" असं येशू रक्तस्रावी स्त्रीला म्हणाला, आंधळ्या बार्तीमयालाही म्हणाला. ते कोण नाकारतं? पण मार्ककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात चार जण छप्पर उसकटून एका पक्षाघाती माणसाला खाली सोडतात. येशू 'त्यांचा' विश्वास पाहतो आणि त्याला बरं करतो. खाटेवरच्या माणसाच्या तोंडचा एक शब्दही तिथे नोंदलेला नाही. बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षं आजारी असलेला माणूस तर बरा झाल्यावरही सांगू शकत नाही की आपल्याला बरं करणारा कोण होता. त्याचा विश्वास कुणी मोजला? आणि जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणतो, दोघांचंही नाही. आईला हे त्या दिवशी कुणीतरी सांगायला हवं होतं.

मग येशूचा प्रेषित पौल. त्याच्याच शब्दांत, त्याच्या शरीरात काटा होता, म्हणजे सतत सलणारी एक पीडा. तो कसला, यावर पंडित अजून वाद घालतात, मला त्यात रस नाही. तो निघावा म्हणून पौलाने तीनदा विनंती केली. काटा राहिला आणि उत्तर आलं, "माझी कृपा तुला पुरे आहे." पौलाचा विश्वास कमी पडला असं म्हणायला अजून कुणी माइक हातात घेतलेला नाही.

हाच पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्रात एका शरीराची गोष्ट सांगतो: डोळा हाताला म्हणू शकत नाही की मला तुझी गरज नाही. लग्नात, वर्धापनदिनी हा उतारा हमखास वाचतात. त्याच पत्रात आधी आलेली भांडणं मात्र कुणी वाचत नाही. करिंथची मंडळी गटागटांत फुटली होती. एक म्हणे मी पौलाचा, दुसरा म्हणे मी अपुल्लोस या दुसऱ्या उपदेशकाचा. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला वाटून घेण्याच्या विधीला, जमले की काही जण आधीच जेवून झिंगत आणि उरलेले उपाशी राहत. शरीराची उपमा त्या भांडणात आली आहे, आणि तिथेच पौल लिहितो की जे अवयव अधिक अशक्त दिसतात तेच आवश्यक आहेत. म्हणजे ऐक्याचा प्रश्न आणि माझ्या पायाचा प्रश्न त्याने एकाच पत्रात घेतला. आपण त्यांचे दोन वेगवेगळे कार्यक्रम केले: एक ऐक्य सप्ताह, एक आरोग्यसभा.

आपल्या लेखात ऐक्याचे मोठे टप्पे नीट आले आहेत. १०५४ मध्ये रोम (कॅथलिक) आणि कॉन्स्टँटिनोपल (ऑर्थोडॉक्स) यांनी एकमेकांवर घातलेले बहिष्कार १९६५ मध्ये दूर झाले. १९९९ मध्ये कॅथलिक आणि लुथरन मंडळ्यांनी माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो याविषयी संयुक्त घोषणा केली. प्रभुभोजनाचा मेज मात्र त्यांचा अजून एक झालेला नाही, हे लेखात यायला हवं होतं. आणखी एक टप्पा सुटला. अनेक ख्रिस्ती पंथांच्या जागतिक मंडळी परिषदेच्या नैरोबी अधिवेशनात (१९७५) अपंग व्यक्ती आणि देवाच्या कुटुंबाची परिपूर्णता हा विषय ऐक्याच्या चर्चेतच घेतला गेला. ज्या मंडळीला आतून एक व्हायचं आहे तिचं दार सर्वांना उघडं हवं, असा तिथल्या निवेदनाचा रोख होता. त्याला पन्नासएक वर्षं झाली, आणि अजूनही कितीतरी चर्चमध्ये वेदीपर्यंत पायऱ्याच आहेत.

प्रभुभोजनाच्या वेळी लोक रांगेने पुढे जातात आणि कठड्यापाशी गुडघे टेकतात. मला गुडघा वाकवता येत नाही, म्हणून मी बाकावरच बसते. सगळ्यांचं आटोपलं की पाळक भाकर आणि प्याला घेऊन माझ्याकडे येतात, आणि तोवर ऑर्गन थांबलेला असतो. पाळक प्रेमळ आहेत, तक्रार त्यांच्याबद्दल नाही. पण जो पुढे येऊ शकत नाही त्याच्यापासून सुरुवात करायला काय हरकत आहे? कुठल्याही पंथाच्या सिद्धांताला यात धक्का लागत नाही, समितीही नेमावी लागत नाही. पुढच्या ऐक्य सप्ताहात निदान एका रविवारी मंडळ्यांनी हे करून पाहावं. आणि आपण विश्वासाने बरं होण्यावर पुन्हा लेख छापाल, तेव्हा जो बरा झालेला नाही आणि तरीही दर रविवारी चर्चला येतो, अशा एखाद्यालाही लिहायला सांगावं.

आपली,
एक वाचक
(नाव छापू नये, ही विनंती)