‘तवंग नाही’ म्हणजे धोका नाही?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मंगळवारच्या अंकात पहिल्या पानावर जहाजातल्या गळतीची बातमी वाचली. मथळा होता, ‘पाण्यावर तवंग नाही, धोका टळला’. जहाज किती मीटर लांब, किती वर्षे जुने, वर किती खलाशी आणि पोटात किती टन माल, हे सगळे बातमीत होते. माल कोणता, तेवढेच नव्हते. ‘घातक रसायन’ एवढ्यावर भागवले होते आणि आतल्या पानावर पोचेपर्यंत त्याचे ‘तेल’ झाले होते.

मी 22 वर्षे केमिकल टँकरवर काढली, त्यातली शेवटची नऊ चीफ ऑफिसर म्हणून. जहाजावरच्या मालाची जबाबदारी याच माणसाकडे असते, म्हणून हे पत्र. बातमीदारावर राग नाही. हीच चूक मी स्वतः केलेली आहे, आणि तीसुद्धा मीटर हातात असताना.

थर्ड ऑफिसर म्हणून माझे ते दुसरेच जहाज. स्टायरीन, म्हणजे प्लॅस्टिक बनवायला लागणारे द्रव रसायन, भरणे चालू होते. किनाऱ्यावरचा पाइप जहाजाच्या पाइपाला जिथे जोडतात त्या मॅनिफोल्डवर, रात्री दोनच्या सुमारास, एका फ्लँजचे, म्हणजे पाइपांच्या जोडकड्याचे, गॅस्केट (मधली चकती) पाझरू लागले. खालच्या ड्रिप ट्रेमध्ये दोन-तीन बादल्या माल साचला असेल. भरणे थांबवले. मी स्फोटमापक घेऊन गेलो. काटा 6 वर. आमच्या डोक्यात बसवलेले होते की 10 च्या आत म्हणजे ठीक. मी वॉकीटॉकीवर सांगून मोकळा झालो, ‘सहा आहे, सेफ आहे’, आणि गॅस्केट बदलायला आलेल्या दोघांना मास्कशिवाय पुढे जाऊ दिले.

चीफ ऑफिसर धावत आले. त्या दोघांना आधी मागे खेचले, मग मला विचारले, ‘अरे, सहा कशाचे?’ मला उत्तर देता येईना. त्यांनी खिशातला लोडिंगचा कागद उलटा केला आणि हिशेब मांडला. तो काटा विषारीपणा मोजतच नाही. हवा पेट घ्यायला किमान जेवढी वाफ लागते, तिच्या किती टक्के जमली आहे, एवढेच तो सांगतो. स्टायरीनची ती किमान पातळी 0.9 टक्के, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 9,000. त्याचे 6 टक्के म्हणजे 540. आणि जिवाला तात्काळ धोका मानतात ती पातळी स्टायरीनसाठी 700. ‘तुझ्या दहाचे 900 होतात,’ ते म्हणाले, ‘म्हणजे तुझ्या “सेफ”मध्येच माणूस आडवा.’ (ते मापक दुसऱ्याच वायूवर बेतलेले असल्याने 6 हा आकडाही अंदाजीच होता, पण ते असो.)

मग त्यांनी डिटेक्टर ट्यूबची पेटी उघडली. पेन्सिलीहून बारीक काचेची नळी. तिची दोन्ही टोके मोडायची, बाण पंपाकडे ठेवून ती पंपात खोचायची, पंप ओढायचा आणि आतली भुकटी कुठपर्यंत रंगली ते नळीवरच्या रेघांवर वाचायचे. काम सोपे आहे, पण बेंझीनची नळी वेगळी, अमोनियाची वेगळी, स्टायरीनची वेगळी. भलतीच नळी लावली तर रंग तरी चढत नाही किंवा भलताच आकडा पदरी पडतो. सांडलेल्या मालाचे नाव ठाऊक नसेल तर तो धड मोजतासुद्धा येत नाही. म्हणून ‘हवेच्या तपासणीत काही आढळले नाही’ असे कोणी सांगितले की मला पहिला प्रश्न सुचतो, शोधत काय होतात?

आता तवंगाकडे येतो. कच्चे तेल बिचारे प्रामाणिक असते. सांडले की दिसते, किनाऱ्याला लागते, पक्ष्यांच्या पिसांना चिकटते. त्यामुळे गळती म्हणजे तवंग हे समीकरण आपल्या डोक्यात घट्ट बसले आहे. रसायनांचे तसे नाही. काही पाण्याला लागताच वायू होऊन उडतात, काहींची सावकाश वाफ होते, काही तरंगतात, काही विरघळतात, काही दगडासारखी तळाला जातात. बरीचशी एका वेळी दोन-तीन गोष्टी करतात. स्टायरीन तरंगते आणि उडतेही, आणि त्याची वाफ हवेच्या साडेतीन पट जड असल्याने वर न जाता पाण्यालगत पसरते. अमोनिया हवेपेक्षा हलका, असे आपण शाळेत घोकतो. पण थंड करून द्रवरूपात नेला जाणारा अमोनिया सांडला की गारठलेल्या वाफेचा पांढरा ढग पाण्यावरून सरपटत येतो, आणि जो पाण्यात विरघळतो तो माशांना मारतो. पाण्यावर काही दिसत नाही याचा अर्थ माल हवेत गेला, पाण्यात मिसळला किंवा तळाशी बसला. तो नाहीसा झाला, असा अर्थ निघत नाही.

याचे मला आठवणारे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ‘इएव्होली सन’. ऑक्टोबर 2000 च्या अखेरीस हा टँकर इंग्लिश खाडीत बुडाला. पोटात सुमारे 4,000 टन स्टायरीन आणि सुमारे हजार-हजार टन मिथाइल इथाइल कीटोन व आयसोप्रोपिल अल्कोहोल. जहाज एक, तळ एक, पण निर्णय दोन झाले. स्टायरीन पुढच्या वर्षी समुद्रतळावरून यंत्रांनी उपसून काढले. उरलेली दोन रसायने मुद्दाम, थोडी थोडी करून समुद्रात सोडून दिली, कारण ती पाण्यात मिसळून झपाट्याने विरळ होतात. 2006 मध्ये त्याच खाडीत ‘एजे’ (Ece) हे जहाज सुमारे 10,000 टन फॉस्फोरिक ॲसिड घेऊन बुडाले, तेव्हाही ॲसिड सावकाश बाहेर पडू दिले आणि उपसले ते जहाजाचे इंधन. आपल्या वाचकाला यातले ‘ॲसिड समुद्रात सोडले’ एवढेच दिसले असते तर तो खवळला असता. साहजिक आहे. पण नाव, प्रमाण, खोली आणि प्रवाह पाहून घेतलेला तो निर्णय होता.

नाव न पाहता मदतीला धावणे किती महागात पडते, याचाही विचार व्हावा. तेलासाठीचा तरंगता अडथळा, ज्याला बूम म्हणतात, विरघळणाऱ्या रसायनापुढे नुसता फोटोपुरता. ज्वलनशील मालावर साधा पंप लावला तर पंपाचीच ठिणगी पुरते. अल्कोहोलच्या आगीवर आग विझवायचा साधा फेस, म्हणजे फोम, मारला तर तो विरून जातो, त्याला वेगळा फोम लागतो. आणि पाणी? तीव्र सल्फ्युरिक ॲसिड पोलादी टाकीत निमूट बसते. त्यात पाणी शिरले की पातळ झालेले ॲसिड पोलाद खाऊ लागते आणि हायड्रोजन सुटतो. 1998 मध्ये ब्राझीलच्या रिओ ग्रांदे बंदरात ‘बहामास’ या टँकरवर नेमके हेच संकट उभे राहिले होते. कॅल्शियम कार्बाइडचे तर विचारूच नका. त्यावर पाणी पडले की ॲसिटिलीन हा झटकन पेट घेणारा वायू तयार होतो. मे 2025 मध्ये ‘एमएससी एल्सा 3’ केरळजवळ बुडाले तेव्हा त्यावरच्या 640 कंटेनरपैकी 12 मध्ये हेच होते. म्हणूनच वाहून आलेल्या कंटेनरजवळ जाऊ नका, असे लोकांना बजावले जात होते.

कंटेनर जहाजांचे दुखणे आणखी वेगळे. टँकरवर दहा-वीस प्रकारचा माल असेल, कंटेनर जहाजावर शेकडो. श्रीलंकेजवळ 2021 मध्ये जळालेल्या ‘एक्स-प्रेस पर्ल’वर नायट्रिक ॲसिडचा एक कंटेनर आग लागण्याच्या कितीतरी दिवस आधीपासून गळत होता, आणि तो उतरवून घ्यायला दोन बंदरांनी नकार दिला होता. पुढे किनाऱ्यावर थर साचले ते प्लॅस्टिकच्या दाण्यांचे. ज्याची बातमी सगळे लिहीत होते ते तेल बाजूलाच राहिले.

आपल्याकडे माझी मागणी छोटी आहे. जहाजाच्या गळतीची बातमी आली की ‘किती टन’च्या आधी रसायनाचे पूर्ण नाव आणि त्याचा चार आकडी यूएन क्रमांक, म्हणजे धोकादायक मालाला संयुक्त राष्ट्रांच्या यादीत दिलेला क्रमांक, छापा. व्यापारी नाव चालणार नाही. ‘रेझिन सोल्युशन’सारखे मोघम नावही नको, त्याखाली निरनिराळी रसायने असू शकतात. स्टायरीनचा क्रमांक 2055, नायट्रिक ॲसिडचा 2031, कॅल्शियम कार्बाइडचा 1402. हे काही गुपित नाही. धोकादायक मालाची यादी असा माल नेणाऱ्या प्रत्येक जहाजावर असावीच लागते आणि तिची प्रत किनाऱ्यावर एजंटकडे असते. नाव मिळाले की त्या मालाची सुरक्षा माहितीपत्रिका मागवा. तिचे 16 भाग असतात. बातमीदाराला सहावा आणि नववा पुरे. सहाव्यात सांडल्यावर काय करायचे ते असते, नवव्यात घनता, वाफेची घनता, पाण्यात विरघळते की नाही ते. वाचायला दहा मिनिटे लागतात. नाव द्यायला कोणी नकार दिला, तर तो नकारच मथळ्यात घ्या. त्याहून मोठी बातमी त्या दिवशी दुसरी नसेल.

आपला,
एक निवृत्त चीफ ऑफिसर

ता. क. बातमीसोबतच्या छायाचित्रात काही बघे नाकाला ओला रुमाल लावून उभे आहेत आणि जहाजावरचा झेंडा त्यांच्याच दिशेने फडफडतो आहे, म्हणजे वारा जहाजाकडून त्यांच्याकडे येतो आहे. ओल्या रुमालातून स्टायरीनसारखी वाफ आरपार जाते. पुढच्या वेळी छायाचित्रकारालाही सांगा, वारा पाठीवर घेऊन उभा राहा.