डिस्चार्ज कार्डावर एवढे तरी लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मणक्याला मार लागून पाय गेलेल्या बाईला मूल होईल का, हा प्रश्न आपल्याकडे डॉक्टरांपर्यंत पोचतच नाही. 'आता कसलं मूल!' म्हणून घरातच निकाल लागतो. मी व्हीलचेअरवर आहे आणि एका मुलीची आई आहे.

मला घरी सोडताना लघवीची नळी सांभाळणे, कूस बदलणे, बेडसोर टाळणे सगळे शिकवले. पाळीचे नावसुद्धा कोणी काढले नाही. वास्तविक दुखापतीनंतर काही महिने पाळी थांबते आणि बहुतेकींची पुन्हा सुरू होते. मग दिवस राहण्याची शक्यता साधारण इतर बायकांइतकीच असते. थांबलेली पाळी परत येण्याआधीही बीज सुटू शकते, म्हणजे मूल नको असेल तर काळजी तेव्हापासूनच घ्यायला हवी. त्यातही पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका असल्याने गर्भनिरोधक गोळ्या मनाने घेऊ नयेत. हे कोण सांगणार?

याहून गंभीर गोष्ट 'ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया'ची. छातीच्या सहाव्या मणक्याशी किंवा त्याच्या वर दुखापत असेल तर मूत्राशय तुंबले, बद्धकोष्ठ झाले किंवा कळा सुरू झाल्या की रक्तदाब एकदम चढतो. गरोदरपणात एकदा माझी नळी मांडीखाली दुमडली. डोके ठणकू लागले, चेहरा लाल, मानेवर घाम, पाय मात्र गार. दाब १४० भरला. 'फार नाही' म्हणत नर्स मला आडवे करू लागली. माझा नेहमीचा वरचा दाब शंभराच्या आत असतो! नवऱ्याने मला उठवून बसवले, नळी सरळ केली, पिशवी भरू लागली आणि दाब उतरला. प्रसूतीच्या वेळी हाच प्रकार गरोदरपणातला रक्तदाब समजला जाण्याची भीती असते, आणि मग उपचारही चुकीच्या दिशेने जातात.

'हिला कळा जाणवतच नाहीत, मग भूल कशाला?' हेही ऐकले. अशा बाईला एपिड्युरल (पाठीतून दिली जाणारी भूल) वेदनेसाठी नव्हे, दाब चढू नये म्हणून लवकर द्यावे लागते. शिवाय कळा कळत नसल्याने प्रसूती अवेळी सुरू झाली तरी पत्ता लागत नाही. शेवटच्या महिन्यांत तपासण्या कमी दिवसांच्या अंतराने हव्यात. सिझेरियन मात्र केवळ पाय चालत नाहीत म्हणून करण्याचे कारण नाही.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम १० नुसार प्रजनन आणि कुटुंबनियोजनाची योग्य माहिती दिव्यांगांना मिळेल हे पाहणे सरकारचे काम आहे. त्यासाठी नवी योजना नको, समितीही नको. मणक्याच्या रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डासोबत मराठीतले एक पान द्यावे. आणि गरोदर बाईच्या माता व बाल संरक्षण कार्डावर दुखापत कोणत्या मणक्याला, नेहमीचा रक्तदाब किती आणि दाब चढल्यास आधी बसते करून नळी तपासा, एवढे लाल शाईने लिहावे.

– एक वाचक, कराड