नदी थांबत नाही, गाडी थांबते

प्रति,
माननीय आयुक्त,
नाशिक महानगरपालिका

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अहमदाबादच्या अटल पादचारी पुलाचा फोटो आला. पतंगासारखं रंगीत छप्पर, खाली साबरमती, कठड्याला दिवे. फोटोखाली भाच्याने लिहिलं होतं, "मामा, आपल्या गोदेवर असा का नाही?" मी तेव्हा त्याला काही उत्तर दिलं नाही. ते दोन ओळींत मावणारं नव्हतं, आणि खरं तर ते आपल्यापर्यंत पोचायला हवं असं वाटलं. म्हणून हे पत्र.

मी जलसंपदा खात्यातून निवृत्त झालेला आरेखक. नोकरीची बरीच वर्षं दिंडोरी रोडवर मेरी या अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या आवारात गेली. कालव्यांवरचे पूल, साकव, सांडव्यावरून जाणारे अरुंद पूल यांची रेखाचित्रं काढत आलो. पूल हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, आणि देखणा पूल तर जास्तच. "लोकांना पलीकडे जाता आलं म्हणजे झालं, देखणेपणावर पैसा कशाला?" असं म्हणणारे माझ्या खात्यातही पुष्कळ होते. मला ते कधी पटलं नाही. ज्याच्या घरी बाग आहे, गॅलरी आहे, गाडी आहे, त्याचं शहराच्या देखणेपणावाचून फारसं अडत नाही. पंचवटीतल्या एका खोलीत पाच माणसं राहतात, त्यांना संध्याकाळी वाऱ्याला उभं राहायला पुलाचा कठडाच असतो. तो कठडा चांगला असावा, त्यावर हात ठेवावासा वाटावा, यासाठी सरकारी पैसा खर्च झाला तर तो सार्थकी लागला असं मी मानतो.

पण हा पूल कशावर बांधायचा, हे आधी ठरलं पाहिजे.

नदीवर पूल लागतोच, कारण नदीला कोणी थांबवू शकत नाही. रस्त्यावरून धावणाऱ्या गाड्यांना मात्र थांबवता येतं. त्यासाठी दिवा लागतो, पट्टे लागतात आणि तो दिवा पाळायला लावणारं माणूस लागतं. रस्त्यावर पादचारी पूल बांधतो तेव्हा आपण मान्य करतो की गाडी थांबणार नाही, चालणाऱ्यानेच डोक्यावरून जावं. तो पूल कितीही सुंदर असला तरी सोय गाडीवाल्याची होते आणि चढण चालणाऱ्याच्या वाट्याला येते.

ही चढण किती, ते मोजून सांगतो. रस्त्यावरच्या पुलाखाली साडेपाच मीटर उंची मोकळी ठेवावी लागते. त्यावर तुळई आणि तळाची जाडी धरा, म्हणजे पाय ठेवायची जागा साधारण सहा मीटरवर आली. १५ सेंटिमीटरची एक पायरी धरली तर ४० पायऱ्या चढायच्या आणि ४० उतरायच्या. व्हीलचेअरसाठी एकास बारा उतार द्यायचा तर एका बाजूचा रॅम्पच ७२ मीटर होतो, मधले विसाव्याचे टप्पे वेगळे. वीस मीटरचा रस्ता ओलांडण्यासाठी दीडशे मीटर चढउतार. कागदावर हे आकडे मी अनेकदा मांडून पाहिले, एकदाही जमले नाहीत.

लिफ्ट बसवू, असं म्हणतात. लिफ्टला वीज लागते, माणूस लागतो, दुरुस्तीचा करार लागतो. करार संपला की लिफ्ट बंद, आणि पुलाच्या तोंडाशी कुलूप.

माझ्या पत्नीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. ती काठी घेऊन चालते. आमच्या रोजच्या वाटेवर एक मोठा चौक आहे. तिथे आलं की ती काठी डाव्या हातात घेते आणि उजव्या हाताने माझ्या शर्टाची बाही धरते. हात धरला तर तिचा तोल जातो, म्हणून बाही. हिरवा दिवा लागला की आम्ही निघतो. दुभाजकापर्यंत पोचतो न पोचतो तोच दिवा बदलतो. मग पुढचा हिरवा दिवा येईपर्यंत आम्ही दोघं त्या दुभाजकावर उभे. त्याची रुंदी माझ्या पावलापेक्षा चार बोटं जास्त. मागून बस गेली की तिचा पदर उडतो आणि बाहीवरची पकड घट्ट होते. हिला चाळीस पायऱ्यांचा पूल दाखवायचा? हिला हवीत ती दिव्याची आणखी पंधरा सेकंदं आणि दुभाजकावर चार फूट जागा.

आपल्या द्वारका चौकाचा अनुभव तर साऱ्या शहराने घेतलाय. महामार्गावर उड्डाणपूल झाला तेव्हा चालणाऱ्यांसाठी खाली भुयारी मार्ग केला. लोकांनी तो वापरला नाही, ते वरूनच, वाहनांच्या मधून वाट काढत ओलांडत राहिले. लोकांना शिस्त नाही असं त्यावर म्हटलं गेलं. मला वाटतं, पायाला जवळची वाट कळते. डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली बाई अंधाऱ्या जिन्याने खाली उतरून पुन्हा वर येणार नाही, आणि तिने का यावं? मुंबईतही २००८ साली वांद्र्याला पहिला स्कायवॉक झाला आणि पुढे तीसहून अधिक बांधले गेले. स्टेशनच्या गर्दीला थेट बाहेर नेणारे चालले, बाकी कितीतरी ओस पडले.

आता नदीकडे येतो. लहानपणी आईचं बोट धरून भांडी बाजारातून रामसेतूवरून पंचवटीत जायचो. तो पूल बुटका, पाण्याच्या अगदी जवळचा. गोदेला पूर आला की तो पाण्याखाली. नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं, यावरून आम्ही पूर मोजायचो, आजही मोजतो. २००८ आणि २०१९ साली हे पाणी सगळ्यांनी पाहिलंय. गावाचे दोन काठ इथे रोज एकमेकांकडे जातात: दर्शनाला, बाजाराला, दशक्रियेला. इथे पुराच्या वर राहणारा, फक्त पायी चालणाऱ्यांचा, खरोखर सुंदर असा एक पूल व्हावा, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

मात्र तो नाशिकचा पूल हवा. अहमदाबादचा पूल ३०० मीटर लांब, त्याला ७४ कोटींच्या आसपास खर्च आला, आणि २७ ऑगस्ट २०२२ला त्याचं उद्घाटन झालं. तिकीट काढून फिरायला जायचा तो पूल आहे, रोजची येजा शेजारच्या इतर पुलांवरून होते. दोनच महिन्यांनी, ३० ऑक्टोबरला, मोरबीचा झुलता पूल पडला आणि १३५ माणसं गेली. दुरुस्त होऊन खुला झाल्याला आठवडाही झाला नव्हता. त्यानंतर अटल पुलावर तासाला ३ हजारांहून अधिक लोकांना सोडायचं नाही, असं ठरलं. आपल्याकडे सिंहस्थाच्या पर्वणीला किती माणूस लोटतो हे मी आपल्याला सांगायला नको. २००३च्या २७ ऑगस्टला रामकुंडाकडच्या अरुंद उतारावर ३९ भाविक चेंगरून मेले, ती सकाळ या गावात कोणी विसरलेलं नाही. ज्या दिवशी पुलाची सर्वात जास्त गरज, त्याच दिवशी तो बंद ठेवावा लागणार असेल, तर तो या नदीसाठी नाही. लंडनचा मिलेनियम पूल १० जून २००० रोजी उघडला आणि दोन दिवसांत बंद करावा लागला. गर्दीची पावलं एका तालात पडू लागली आणि पूल आडवा डुलू लागला. धक्के शोषणारी यंत्रणा बसवून तो पुन्हा खुला व्हायला २००२ उजाडलं. नामांकित वास्तुविशारद आणि अभियंते असूनही हे घडलं. आपल्याच राज्यात, १५ जून २०२५ला तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पावसाळी गर्दीच्या भाराने कोसळला. तो देखणा नव्हता, त्याच्याकडे वेळेवर कोणी पाहिलं नव्हतं.

हे पाहणं म्हणजेच देखभाल, आणि तिच्यासाठी पैसा कधी उरत नाही. नव्या पुलाला नारळ फुटतो, जुन्याच्या बेअरिंगला ग्रीस लावल्याची बातमी होत नाही. व्हेनिसला २००८ साली ग्रँड कालव्यावर काचेच्या पायऱ्यांचा पूल झाला. पावसात लोक त्यावरून घसरून पडू लागले. अपंगांना जाता येत नव्हतं म्हणून कडेने एक पाळणा बसवला, तोही पुढे काढून टाकावा लागला. शेवटी २०२२ साली काच काढून दगड बसवायचं ठरलं. चालणाऱ्याचा तळवा विसरून चित्र काढलं की असं होतं, हे आरेखक म्हणून मी सांगू शकतो.

म्हणून माझी विनंती आहे. रस्त्यांवरच्या पादचारी पुलांसाठी पैसा ठेवू नये. तोच पैसा चौकांत घालावा: रस्त्याच्या पातळीवरून वर उचललेले पट्टे, लांब दिवा, उभं राहता येईल असा दुभाजक, आणि इंडियन रोड्स काँग्रेसने सांगितलेला किमान १.८ मीटरचा मोकळा फुटपाथ. फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५मध्ये म्हटलंय. नदीवरच्या पुलासाठी मात्र खुली स्पर्धा घ्यावी. आलेली चित्रं आणि खर्चाचे अंदाज कालिदास कलामंदिरात महिनाभर लावावेत, लोकांना पाहू द्यावं, बोलू द्यावं. पुढच्या वीस वर्षांच्या देखभालीची रक्कम पहिल्याच अंदाजपत्रकात धरावी. तिकीट लावू नये. निविदेत पर्वणीची गर्दी आणि २००८चा पूर हे दोन्ही लिहावेत.

आणखी एक मागणं आहे. एखाद्या सोमवारी सकाळी साडेनऊला आपण सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, यावं. खेड्यांवरून एसटीने आलेली माणसं तिथून जिल्हा रुग्णालयाकडे पायी निघतात, हातात केसपेपरची पिशवी, सोबत एखादं म्हातारं माणूस. त्र्यंबक नाक्यापर्यंत स्मार्ट रोडचा फुटपाथ आहे, तिथून पुढे चौक ओलांडायचा असतो. अशा एखाद्या म्हाताऱ्या माणसामागे, त्याच्याच चालीने, आपण रुग्णालयाच्या दारापर्यंत चालावं. दिवस कळवलात तर मी टेप आणि वही घेऊन बसस्थानकाच्या दाराशी थांबेन.

आपला,
म्हसरूळचा एक निवृत्त आरेखक